ओल्या लाकडावर लोखंड

३ मार्च, सोमवार

धाकटीचा फोन. पंधरा तारखेला येतेय, महिनाभर राहायला! आईच्याच खोलीत झोपणार म्हणाली. "आणि दादा, तो गालिचा काढून ठेव हं. त्याच्या धुळीने मला शिंका येतात."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गालिच्याखाली डाग आहे.

४ मार्च

गालिचा गुंडाळला. चार महिन्यांत पहिल्यांदा. वाटलं होतं, एव्हाना वाळून फिका पडला असेल. कसला फिका! पलंग आणि खिडकीच्या मधे, पाच फळ्यांवर पसरलाय. शाईची दौत उलटी केल्यासारखा काळाकुट्ट. जुन्या ओकच्या फळ्या — हे घर घेतलं तेव्हा मी एकेक खिळा वर काढून, घासून, पॉलिश करून दिल्या होत्या आईला. तिला ती खोली आवडायची. ऊन यायचं.

पस्तीस वर्षं लोकांच्या लाकडी जमिनी घासतोय मी. डाग काढणारा म्हणून चार गल्ल्यांत नाव आहे. कुंडीचा डाग, कुत्र्याचा डाग, दारूचा डाग — लोक हात जोडून बोलावतात. मी जातो, मान हलवतो, बायकांना ओरडतो की पाणी ओतू नका. आणि माझ्याच घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

धाकटीला मी सांगितलंय, आई झोपेत गेली. पलंगावर. कळलंसुद्धा नाही तिला. पोचवायला आली होती तेव्हा ती दोन दिवस राहिली, दोन्ही दिवस मी तो गालिचा सोडला नाही. तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. निघताना ती कुणाला तरी फोनवर सांगत होती — "नशीबवान ग आई, झोपेतच गेली." कानाने ऐकलं मी.

हा डाग तिच्या नजरेला पडला की ती विचारणार. आणि मी खोटं बोलायला गेलो की माझे कान लाल होतात, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. फोनवर बरं असतं. कान दिसत नाहीत.

अकरा दिवस आहेत.

५ मार्च

वरचं पॉलिश खरवडलं. दिवसभर गुडघ्यांवर. मशीन लावलं नाही, मशीनने कडेला चर पडतो. हातानेच, पॉलिशपेपर ठोकळ्याला गुंडाळून. पॉलिश निघालं तसा डाग आणखी काळा दिसायला लागला! वर होता तेवढाच असेल अशी आशा होती. आत मुरलाय.

६ मार्च

आज म्हाताऱ्याला बोलावलं. म्हणजे माझा गुरू — ज्याच्या हाताखाली मी हे काम शिकलो तो. सगळे त्याला करवत म्हणतात, बोलणं तसंच आहे म्हणून. आता हात थरथरतात, पण नजर शाबूत. मी म्हटलं, काका, फुलदाणी पडली होती आईची, पाणी राहिलं तसंच. बघा जरा.

तो वाकला. बोटाने चाचपलं. वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पाण्याचा डाग कडेला काळा असतो, मधे फिका. हा मधे काळा आहे. मुतलंय कुणीतरी."

"मांजर आलं असेल," मी म्हटलं.

"एवढं? मांजर होतं का वाघ?"

हसला. मीही हसलो.

मग पुन्हा वाकला. नखाने एक काळा ठिपका टोकरला. आणि हसणं थांबलं त्याचं. "अरे गाढवा, ओल्या लाकडावर लोखंड कुणी फिरवलं इथे?"

त्याच्या हाताखाली पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो हे. ओकमध्ये जे काही असतं ना, चहासारखं कडवट, त्याला ओल आणि लोखंड मिळालं की शाई तयार होते. जुन्या काळी शाई अशीच करायचे म्हणे. म्हणून ओल्या ओकवर तारेची घासणी कधी, कधी म्हणजे कधीच, फिरवायची नाही. मी स्वतः हे कितीजणांना दरडावून सांगितलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

करवत उठला. शेजारच्या फळीवरून पाय फिरवला, थांबला. तिथे बारीक गोल खळगे आहेत, दाटीवाटीने. तेही बघितले त्याने. काठी टेकत दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "आधी ऑक्झॅलिक लाव. काळं जाईल. बाकीचं मला माहीत नाही." चहाला थांबला नाही.

७ मार्च

लिहूनच टाकतो. वहीला काय, वही कुणाला सांगत नाही.

घासणी मीच फिरवली. त्या दिवशी. आईला उचलून पलंगावर ठेवलं, कपडे बदलले, केस नीट केले, मग डॉक्टरला फोन केला. ते यायच्या आत जमीन पुसायची होती. हाताला लागलं ते घेतलं — स्वयंपाकघरातली तारेची घासणी आणि गरम पाण्याची बादली! पस्तीस वर्षं काम केलेला माणूस! खसाखसा घासलं. घासणीचे तुकडे पडत होते, दिसत होते मला, तरी घासत होतो. नुसतं फडक्याने टिपून घेतलं असतं तर पिवळसर सावली राहिली असती, एवढीच. दोन दिवसांत काळं झालं. मी झाकायला गेलो म्हणूनच ते काळं झालं.

८ मार्च, शनिवार

ऑक्झॅलिक ॲसिडची पूड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने लावली. खिडक्या उघड्या, तोंडावर फडकं, हातात मोजे. विषच ते. वाळलं की साखरेसारखे पांढरे कण येतात, ते पुसायचे, पुन्हा लावायचं. संध्याकाळपर्यंत काळ्याचा करडा झाला.

जमतंय!

९ मार्च

दुसरा हात. करडं पण चाललंय. धाकटीने फोन केला होता, मी दोन वाक्यांत संपवला. "आवाज का असा तुझा?" म्हणाली. म्हटलं, सर्दी.

१० मार्च

काळं गेलं. सगळं गेलं. आणि त्याच्याखालून दुसरंच वर आलं.

शाईने आकार झाकला होता. आता तपकिरी डाग उरलाय, त्याला स्वच्छ कडा आहेत. एका बाजूला रुंद, मग अरुंद होत गेलेला. कुठे कंबर होती आणि कुठे मांडी, ते मला कळतं. मीच उचललं होतं ना तिला. डाव्या कुशीवर होती.

ब्रश धुतला नाही. तसाच टाकून खाली आलो आणि वर्कशॉपच्या पायरीवर बसून राहिलो. दुपारचं जेवलो नाही. भूक लागली होती, तरी नाही.

११ मार्च

एकाला टेकू दिला की दुसरं कोसळतं. आईच्या काठीचे खळगे आज घेतले. ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. गिऱ्हाइकांना ही जादू फार आवडते, टाळ्या वाजवतात काही जण.

पण वाफेबरोबर वासही आला. चार महिने आत कोंडलेला. मी इस्त्री तशीच धरून होतो, मग फडकं करपलं तेव्हा भानावर आलो.

एकेक खळगा वर येत होता आणि सपाट होत होता. हे तिने मारलेले ठोके. मोजणार नाही म्हटलं होतं, मोजले नाहीत.

१२ मार्च

हे पण लिहितो. नाहीतर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही.

आईचं आणि माझं ठरलं होतं. माझं वर्कशॉप बरोबर तिच्या खोलीखाली. काठी एकदा आपटली की चहा. दोनदा म्हणजे औषध सापडत नाही. तीनदा म्हणजे "ये रे जरा, बोलायला कुणी नाही." तीनदाच जास्त व्हायचं.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं वाजलं होतं. कशावरून? पाण्यावरून! रोज सकाळी ती ओलं फडकं घेऊन ती लाकडी जमीन पुसायची. जन्मभर फरशी पुसत आली, लाकूड पुसायचं नाही हे तिच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, आई, लाकूड कुजेल. ती म्हणाली, "धूळ खात राहू का मग?" मी ओरडलो. हट्टी म्हातारी म्हणालो. ती म्हणाली, "जमिनीला जेवढा जपतोस तेवढा माणसाला जप." मी जेवणाचं ताट सरकवून खाली निघून आलो. आमच्याकडे रुसलेल्याने आपणहून जायचं नाही, समजूत काढायला दुसऱ्याने यायचं. वडील होते तेव्हापासूनची रीत आहे ही. पण ती जिना उतरू शकत नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही.

सकाळी दहाच्या सुमारास काठी वाजली. एकदा नाही, दोनदा नाही. वाजतच राहिली. मला वाटलं, कालचा राग काढतेय. मनात म्हटलं — हा शब्द न् शब्द आठवतोय — आपट, आपट, बघू आधी कोण दमतं.

मशीनचा आवाज अडवायचे ते जाड कानटोप कानांवर चढवले आणि मशीन सुरू केलं.

दिवसभर फळ्या घासल्या. घाईचं काम नव्हतं. मुद्दाम. पाच वाजता वर गेलो. तिच्या पायाशी ओलं फडकं पडलं होतं, बादली उलटी. काठी हाताशी होती.

डॉक्टर म्हणाले खुबा मोडलाय, पण खुबा मोडून माणूस लगेच जात नाही. "दुपारपर्यंत असाव्यात," म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, वय झालं होतं, काही सांगता येत नाही. कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं. ते तर सगळ्यांचंच पडतं.

मी ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं नाही. ऐकलं आणि कान झाकले.

१३ मार्च, गुरुवार

तपकिरी जाईना म्हणून पेरॉक्साइड लावलं होतं काल. आगीतून फुफाट्यात! आता तिथलं लाकूड हाडासारखं पांढरं पडलंय. काळा डाग होता, आता पांढरा डाग आहे, आकार तोच. आता रंग लावून मिळवायला गेलो तर हाताचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं आहे. दोन दिवस उरलेत.

शेवटचा उपाय आहे. तो मी गिऱ्हाइकांना सहसा सांगत नाही, कारण त्यात आपली हार असते. खोलीत जिथे कुणाची नजर जात नाही तिथल्या फळ्या उचलायच्या आणि डागाच्या जागी बसवायच्या. त्याच झाडाच्या, त्याच वयाच्या. कुणाला कळत नाही. झाकलेल्या जागी नव्या टाकायच्या.

आईचं मोठं कपाट सरकवलं. एकट्याने. पाठ गेली. त्याच्याखालच्या फळ्या अगदी कोऱ्या, मधाच्या रंगाच्या.

डागाच्या पाच आणि खळगे वर येऊनही वास धरून बसलेल्या दोन, सगळ्या उपसल्या. ऑक्झॅलिकने भिजलेल्या होत्या तरी कुरकुरत निघाल्या. खालच्या बाजूलाही पोचलं होतं.

१४ मार्च

बसवल्या. घासल्या. पॉलिशचे दोन हात. शपथेवर सांगतो, मी आयुष्यात यापेक्षा चांगलं काम केलेलं नाही. सांध्यातून कागद जाणार नाही. खिडकीतून ऊन येतंय आणि जमीन एकसारखी उजळलीय, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

काढलेल्या फळ्यांचं काय करायचं? वर्कशॉपमध्ये ठेवल्या तर रोज दिसणार. कचऱ्यात टाकवेनात. मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात घालून जाळल्या. ओक सावकाश जळतो. दुपारी लावलेली आग संध्याकाळपर्यंत धुमसत होती. समोरच्या शिवणवाल्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "काय जाळताय एवढं?" म्हटलं, कुजकी लाकडं.

कपाट जागेवर ढकललं.

झालं एकदाचं. आंघोळ केली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण झालं.

१५ मार्च, शनिवार

आली. वाळलीय बरीच. केस पांढरे होऊ दिलेत. दारातच बिलगली आणि मला एकदम रडू आलं, म्हणजे आवाज न होता. तिच्या खांद्यावर डोळे पुसून घेतले.

खोलीत गेली. मी मागे उभा. पाय घट्ट रोवून, परीक्षा द्यायला आलेल्या पोरासारखा. ती मधोमध उभी राहिली, खाली बघितलं, इकडून तिकडे बघितलं. "किती छान ठेवलीयस रे खोली."

"पॉलिश केलं," मी म्हटलं.

"दिसतंय."

बॅग पलंगावर ठेवली आणि खिडकीपाशी गेली. सरळ त्या फळ्यांवरून चालत. काही झालं नाही. काय व्हायचं होतं?

१६ मार्च

जेवताना एकदा म्हणाली, "तू नीट झोपतोस का?" मी म्हटलं, हो. कान गरम झाले. तिने ताटातलं चिवडत विषय बदलला.

सांगायचं नाही असं ठरवलंय. सांगून काय मिळणार? तिच्या मनात आई शांत झोपलीय, तशीच राहू दे. माझं मला आहे. झाकली मूठ आहे, उघडून कुणाचं भलं होणार!

बोलायला दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा मीठ मागितलं.

१७ मार्च

सकाळी चहाचा कप हातात धरून धाकटी म्हणाली, "दादा, ती कुठे पडली होती?"

आईने तिला फोन केला होता. त्याच दिवशी, साडेदहाला. पडलेय ग, उठता येत नाही म्हणाली. धाकटी म्हणाली, थांब, दादाला फोन लावते. तर आई म्हणाली, "नको. मशीन चालू आहे त्याचं. मधेच थांबवलं की लाकडाला खड्डा पडतो. मी काठी आपटली, पण त्या आवाजात ऐकू कुठलं जाणार बिचाऱ्याला! हातातलं संपलं की येईलच तो."

खड्ड्याचं मीच शिकवलं होतं तिला. ओरडून.

धाकटीला वाटलं, आई ठीक बोलतेय, म्हणजे फार लागलं नसेल. कामाला लागली. दुपारी एकदा फोन केला, उचलला नाही. आईचा फोन मला पलंगाखाली सापडला होता, बंद पडलेला. मी तो चालू करून बघितलाच नाही.

"तू झोपेत गेली म्हणालास ना," ती म्हणाली, "तेव्हा मला बरं वाटलं रे. मलाही तेच हवं होतं." चार महिने तिने कुणाला सांगितलेलं नाही. रडली नाही. "मला जागा दाखव."

काठी मी ऐकली होती, हे तिला सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती. मी बोट दाखवलं, पलंग आणि खिडकीच्या मधे.

ती खाली बसली. फळ्यांवर तळवा टेकवला, मग दुसराही, आणि बराच वेळ हळूहळू हात फिरवत राहिली. कपाटाखालच्या फळ्या त्या. आईचा पायसुद्धा कधी त्यांना लागलेला नाही.